मागची चेन

टाचणीबाईंचं खरं नाव कारखान्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. तोंडात सदा चार टाचण्या धरलेल्या, आणि त्या काढल्या की जे बाहेर पडायचं तेही टोचायचंच, म्हणून टाचणीबाई. कारखाना तरी कसला, एका लांबोळक्या इमारतीचा दुसरा मजला. सात शिलाई मशिनं, एक कापायचं टेबल आणि मागच्या खोलीत पिसांनी भरलेली पोती. बर्फात चढाई करणाऱ्यांच्या उबदार पँटी तिथं शिवल्या जायच्या. दोन कापडांच्या मधे पिसं भरायची, कप्पे पाडायचे, की उणे तीसमध्येही माणसाच्या मांड्या शाबूत राहतात. अकरा वर्षं बाई हेच करत होत्या. त्यांच्या हातच्या पँटी कुठल्या कुठल्या शिखरांवर जाऊन आल्या. बाई स्वतः मात्र कारखान्याच्या जिन्यापेक्षा उंच काही चढल्या नव्हत्या, आणि तोही मधे एकदा थांबून.

त्या सकाळी गिर्यारोहण क्लबचे कप्तान मापांचा कागद घेऊन आले. हिवाळ्यातली मोठी मोहीम सव्वा महिन्यावर आली होती. बाईंनी कागद वाचला, उलटा करून मागची बाजू बघितली, आणि तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या.

"नऊच? गेल्या महिन्यात दहा म्हणाला होतात."

कप्तान माणूस वाईट नव्हता. वीस वर्षं लोकांना डोंगरावर नेऊन धडधाकट परत आणणं म्हणजे खायचं काम नाही. पण अवघड बोलायची वेळ आली की ते समोरच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघायचे, आणि आता ते खिडकीबाहेर बघत होते.

"दहावी तुमची लेक होती. या खेपेला तिला नेत नाहीये. चढायला ती कुणाला हार जाणार नाही, ते मी कुठंही सांगेन. पण बायकांची अडचण असते. आता तुम्हाला मी काय सांगू?"

"सांगा की. मलाही कळू दे."

"अडचण हो, बाई. समजून घ्या."

अडचण हा मोठा सोयीचा शब्द आहे. वाटेत कपाट आडवं आलं तरी अडचण, आणि बाईमाणसाला चारचौघांत बोलू नये असं काही झालं तरी अडचणच. दोन्हीकडे बोलणारा अंग चोरून बाजूनं निघून जातो. कप्तानही तसेच जिना उतरून गेले, आणि बाईंनी त्या दिवशी पहिल्यांदाच एक पाय उलटा जोडला. उसवताना त्या जे पुटपुटल्या ते शेजारच्या मशिनवालीनं ऐकलं, पण पुढं कुणाला सांगितलं नाही.

लेक लिफ्ट दुरुस्त करायची. दिवसभर उंच इमारतींच्या पोकळीत दोराला लटकून काम, त्यामुळं उंचीची भीती तिनं कधीच धुऊन टाकली होती. संध्याकाळी ती मोरीत हाताचं ग्रीस घासत उभी होती, तेव्हा आई दारात येऊन थांबली.

"तुला काढलं ते तुला ठाऊक होतं?"

"परवाच यादी लागली क्लबच्या भिंतीवर."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तू भांडायला गेली असतीस."

"जाणार आहेच. कशावरून भांडायचं तेवढं सांग. तो माणूस अडचण अडचण करून गेला, मला काही धड कळलं नाही."

लेकीनं आधी टाळलं, मग हात पुसले आणि सगळं सांगितलं. चढताना पँटीवरून हार्नेस घालतात, म्हणजे कमरेला आणि दोन्ही मांड्यांना आवळलेला पट्टा. त्याला दोर बांधलेला, आणि त्याच दोराला पुढंमागं बाकीची माणसं. पँट खाली करायची तर हार्नेस सोडायला हवा, आणि उभ्या बर्फावर हार्नेस सोडायचा म्हणजे दोरातून सुटायचं. सरावाच्या मोहिमेत पहिल्या दिवशी तिला लघवीला लागली. तिनं सरळ सांगितलं, थांबा. सगळे थांबले. छातीभोवती दुसरा दोर गुंडाळायचा, बर्फात खुंटी ठोकायची, मग हार्नेस काढायचा, मग पुन्हा चढवायचा. पंधरा मिनिटं गेली. वारा अंगात सुया टोचत होता आणि चार पुरुष पाठ फिरवून खोकत उभे होते.

"कुणी काही बोललं?"

"नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. मग दुसऱ्या दिवसापासून मी पाणीच बंद केलं. एक घोट सकाळी, एक संध्याकाळी. तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन गुडघ्यावर आले. कप्तानांनी तेवढं बरोबर बघितलं."

"अगं, पण पँटीला पुढं चेन आहे ना?"

लेकीनं आईकडे नुसतं बघितलं. "ती माझ्या काय कामाची, आई?"

टाचणीबाई मोरीच्या उंबऱ्यावर मटकन बसल्या. ती पँट त्यांनीच शिवली होती. लेकीची म्हणून गुडघ्यांना मूठभर पिसं जास्त भरली होती, घोट्याला मऊ कापडाची पट्टी लावली होती, माया अशी शिगोशीग ओतली होती. आणि चेन? चेन लावली होती जिथं सगळ्यांना लावतात तिथंच. अकरा वर्षं पुरुषांच्या सोयीसाठी दार ठेवत आल्या, आणि पोटच्या पोरीला साधी फट ठेवायचं सुचलं नाही. कप्तानांवरचा राग कुठल्या कुठं गेला आणि आधी स्वतःची लाज वाटली. लाज फार वेळ टिकली नाही, कारण बाईंचा स्वभावच तसा नव्हता. तिच्या जागी दुप्पट राग आला.

"ऐक," त्या म्हणाल्या. "तुझ्यात काही अडचण नाही. अडचण पँटीत आहे. आणि पँट माझ्या हातातली वस्तू आहे."

दुसऱ्या दिवशी बाई मालकांपुढं उभ्या राहिल्या. मालक कापडाच्या गठ्ठ्यावर बसून चहा पीत होते, आणि त्यांच्या शेजारी मापाचा लाकडी पुतळा उभा होता. त्याला कारखान्यात सगळे साहेब म्हणत, कारण तो काही करायचा नाही आणि सगळं त्याच्याच मापानं व्हायचं.

"पुढून सुरू होऊन दोन्ही पायांच्या मधून थेट मागं कमरेपर्यंत जाणारी चेन," बाईंनी साहेबांच्या अंगावर बोट फिरवून दाखवलं. "पट्टा जागच्या जागी राहील. बसलं, उघडलं, झालं, लावलं."

मालकांनी साहेबांकडे बघून तोंड वाकडं केलं. "चेन जितकी लांब तितका वारा आत. आणि बायका मागतात कुठं असलं काही? एकीनं तरी मागितलंय?"

"कशी मागेल? मागायला आधी तोंडानं म्हणावं लागतं काय हवंय ते. आणि म्हटलं तर ऐकायला तुम्ही."

"बरं बाई, शिव तुला काय शिवायचं ते. जेवणाच्या सुट्टीत शिव, नापास झालेल्या तुकड्यांतून शिव. पण वर माझं लेबल लावू नकोस."

"नाही लावत. लेबलानं कुणाचं बूड गरम राहत नाही."

पंधरा दिवस बाईंनी जेवणाची सुट्टी मशिनवर काढली. डबा एका हातानं, कापड दुसऱ्या हातानं. वारा आत जाईल असं मालक म्हणाले होते ते खोटं नव्हतं, म्हणून चेनीच्या आतल्या बाजूनं अंगठ्याएवढी जाड पिसांची वळकटी शिवली, एकाच कडेला, म्हणजे चेन उघडली की ती बाजूला होईल आणि लावली की आपोआप आडवी येईल. चेनीत अस्तर अडकू नये म्हणून कडेला कडक फीत लावली. जाड हातमोज्यात चेन ओढायचा इवलासा धातूचा कान सापडत नाही, म्हणून दोन्ही टोकांना दोरीचे फास बांधले आणि मागच्या दोरीला गाठ मारली, न बघता हाताला कळावं म्हणून. शेजारची मशिनवाली म्हणाली, "बाई, एवढा विचार मी माझ्या लग्नाचा केला नव्हता." "म्हणून तर अशी झालीयस," बाई म्हणाल्या.

आता तपासायची कुठं? बाईंची नणंद गोठवलेल्या मालाच्या शीतगृहात सुपरवायझर होती. मटाराची खोली उणे पंचवीस.

"वहिनी, माझ्या मटारांत येऊन लघवीचा सराव करणार तुम्ही?" नणंदेनं डोळे मोठे केले. "कुणी बघितलं तर?"

"नुसती उघडझाप करायचीय, वन्सं. आणि तुमचे मटार कुणाला सांगायला जातायत?"

रविवारी दुपारी तिघी आत गेल्या. लेकीनं सगळा साज चढवला: आतले दोन थर, वर नवी पँट, वर हार्नेस, हातात जाड हातमोजे. ती खोक्यांच्या थप्पीमागं गेली. नणंदेनं घड्याळ धरलं. चेनीचा लांबलचक आवाज आला आणि बाईंचा ऊर भरून आला. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग लेक फिदीफिदी हसायला लागली.

"आई, बाहेरचं दार उघडलंय. पण आत अजून दोन दारं बंद आहेत."

आतले दोन थर! बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. अकरा वर्षं वरचीच पँट शिवत आल्यामुळं वरचाच विचार केला होता, आत लोक काय घालतात हे कधी डोक्यात आलंच नव्हतं. "हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात," त्या म्हणाल्या. "इथं शेपूट तेवढं बाहेर आलं, हत्ती अख्खा आत." नणंद हसून हसून मटाराच्या खोक्यावर बसली आणि बूड गार पडल्यावर टुणकन उठली.

पुढच्या रविवारी आतले दोन्ही थरही नवे होते. त्यांना चेन नाही, नुसत्या एकावर एक येणाऱ्या दोन झडपा, ओढल्या की उघडतात, सोडल्या की मिटतात. पहिल्या वेळी तीन मिनिटं, दुसऱ्या वेळी सव्वादोन, पाचव्या वेळी पावणेदोन. मग बाईंनी लेकीला ती पँट उतरवायला लावली आणि स्वतः घातली. जी वस्तू पोरीला बर्फात घालून पाठवायची ती आधी आपल्या हाडांनी तपासायची, हा त्यांचा हट्ट. बावन्न वर्षांची बाई उणे पंचवीसमध्ये खोक्यावर तासभर बसून राहिली. नणंद दर दहा मिनिटांनी दार उघडून विचारायची, "वहिनी, आहात का?"

"नाक गेलं, वन्सं," तासानं बाहेर येत बाई म्हणाल्या. "पण खाली चुलीपुढं बसल्यासारखं वाटतंय."

शनिवारी दुपारी क्लबची नऊ माणसं पँटी घालून बघायला कारखान्यात आली. लेकही अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आली होती. टेबलावर नऊ पँटी मांडलेल्या, आणि जरा बाजूला दहावी.

"ही कुणाची?" कप्तानांनी विचारलं.

"माझ्या लेकीची. तुम्ही अडचण सांगितलीत, मी ती काढून टाकली. आता बघून घ्या."

कप्तान कानापर्यंत लाल झाले. "बाई, इथं नको. चारचौघांत कशाला?"

"यादी चारचौघांतच लावली होती ना? मग हेही चारचौघांतच होऊ दे. लघवीचा प्रश्न होता. शब्द आहे तो, साप नाही, चावत नाही कुणाला."

नऊ पुरुषांनी नऊ दिशांना बघितलं. लेकीनं दहावी पँट आणि वर हार्नेस चढवला, बाईंनी त्याला दोर बांधला आणि दुसरं टोक कप्तानांच्या हातात दिलं. "तुम्ही धरा. एकदाही सुटणार नाही, तुमच्याच हाताला कळेल." लेक मागच्या खोलीत पिसांच्या पोत्यांआड गेली. कप्तान दोर धरून उभे, इकडं तिकडं बघताही येईना. दोर जरा हलला, जरा सैल पडला, पुन्हा ताणला. लेक बाहेर आली तेव्हा पावणेदोन मिनिटं झाली होती आणि तिची गाठ जशीच्या तशी होती.

लेकीनं पँट बदलून ती टेबलावर ठेवली, तेव्हा कप्तानांनी, दोर अजून हातातच, चेन बघितली, आतली वळकटी दाबून बघितली. कामाची वस्तू त्यांना कळत होती. "उत्तम आहे," ते म्हणाले, आणि ते मनापासून होतं. "पण आता यादी पुढं गेली. नऊ जणांची परवानगी आलीय. पुढच्या वर्षी नक्की बघू."

"पुढच्या वर्षी तुम्हाला दुसरी अडचण सापडेल," लेक म्हणाली.

एवढं सगळं करून पुन्हा तेच, पोरगी पुन्हा भिंतीवरचीच यादी वाचणार. बाई तोंड उघडणार तोच मागून कुणीतरी घसा खाकरला. शाळेत व्यायाम शिकवणारा तो धिप्पाड माणूस, क्लबात त्याला पैलवान म्हणत. महिन्यातून चार वाक्यं बोलणारा.

"बाई, माझ्या मापाची होईल का तशी?"

दोघं तिघं हसले. पैलवान हसला नाही.

"गेल्या हिवाळ्यात शेवटच्या तळावर माझं पोट बिघडलं होतं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "कुणाला सांगायची लाज वाटली. पहाटे कडेला गेलो, हार्नेस काढला आणि बसलो. उठताना घसरलो. चार हात खाली गेलो असेन, एका दगडाला पाय लागला म्हणून आज इथं उभा आहे."

कप्तानांच्या हातातला दोर खाली पडला. "तू मला म्हणालास दोर तपासायला गेलो होतो."

"मग काय सांगणार होतो?" पैलवानानं मान वर केली. "हिनं तोंडानं सांगितलं, आपण बांधून घेतलं, कुणाला काही झालं नाही. हिनं आपल्याला पंधरा मिनिटं थांबवलं, कप्तान. मी तुम्हाला कायमचं थांबवलं असतं. आणि यादीतून नाव हिचं गेलं."

मशिनं बंद होती. मग चष्मेवाला एक जण हळूच म्हणाला की वर गेल्यावर तोही पाणी कमीच पितो. दुसरा म्हणाला, मीही. तिसऱ्यानं नुसता हात वर केला, वर्गात करतात तसा.

"होईल," टाचणीबाई म्हणाल्या. "सगळ्यांच्या पँटींना होईल. दिवसरात्र बसेन, निघायच्या आत देईन. पण आधी यादी."

"अहो, परवानगी..."

"परवानगीत नाव घालायला एक फोन लागतो," पैलवान म्हणाला. महिन्याची सगळी वाक्यं त्यानं आजच खर्च करायची ठरवलेली दिसत होती. "दोन वर्षांपूर्वी मेव्हण्यासाठी केला होता तुम्ही."

कप्तान जिन्यात जाऊन फोनवर बोलले. बाईंनी दार उघडंच ठेवायला लावलं. लेकीचं नाव, वय, रक्तगट, सगळं स्पष्ट ऐकू आलं. परत येऊन त्यांनी खिशातली यादी टेबलावर पसरली आणि दहावं नाव लिहिलं. बाईंनी ते चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं, मग गळ्यातला टेप काढला. लेक वही घेऊन मापं लिहायला उभी राहिली. एकेक करून आठ जण झाले. शेवटी कप्तान राहिले.

"उकिडवे बसा," बाई म्हणाल्या.

"उभ्याउभ्या नाही होत का?"

"उभ्या माणसाचीच मापं घेत आलो म्हणून तर हे सगळं झालं. बसा."

वीस वर्षं मोहिमा नेणारे कप्तान आठ माणसांसमोर कारखान्याच्या फरशीवर उकिडवे बसले. बाईंनी टेप पुढून धरला, मागं नेला, कमरेशी दाबला, आकडा सांगितला. लेकीनं लिहून घेतला. ती त्यांच्या अगदी पुढ्यात उभी होती, त्यामुळं बोलायचं तर मान वर करूनच बोलावं लागत होतं.

"वर गेल्यावर थांबायचं असेल तर सांगत जा," ते तिला म्हणाले. "संकोच करू नकोस."

"मी सांगितलंच होतं," लेक म्हणाली. "तुम्ही सांगाल का?"

कप्तानांचे पाय अवघडले होते, पण टेप अजून कमरेशी धरलेला होता, त्यामुळं उठताही येईना. शेवटी ते पुटपुटले, "सांगेन."

"मागच्यांना ऐकू नाही आलं," टाचणीबाई म्हणाल्या. "हलू नका. मोठ्यानं सांगा."